तपासून परत

भोपाळला नेहरू नगरच्या त्या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला गेलो त्याच आठवड्यात एका सकाळी बेल वाजली. दारात सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ उभे होते. अंगात इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला एक निळं आणि एक लाल अशी दोन पेनं. त्यांनी काही न बोलता माझ्या हातात एक पारदर्शक फोल्डर दिलं. आत एक कागद होता, आणि त्या कागदावर मी आदल्या दिवशी सोसायटीच्या मोबाइल ग्रुपवर टाकलेला मेसेज छापलेला होता. मला स्वयंपाकाला बाई हवी होती. हिंदी अजून बसलेलं नव्हतं, म्हणून मी आपली इंग्रजीत लिहून मोकळी झाले होते, 'नीड लेडी फॉर कुकिंग फोर पर्सन्स.' त्याभोवती लाल गोल काढला होता आणि समासात बारीक, सुरेख इंग्रजी अक्षरात विचारलं होतं की ही चार माणसं शिजवून नेमकी कोणाला वाढायची आहेत.

"मी वझलवार. वरच्या मजल्यावर राहतो," एवढं सांगून ते वळले, आणि जिन्याच्या दोन पायऱ्या चढून परत खाली आले. "कागद ठेवून घ्या, फोल्डर तेवढं परत द्या."

मी रागावले, हे सांगायला नकोच. पुण्याची मुलगी मी, इंग्रजी माध्यमाची नसले म्हणून काय झालं. नवऱ्याला दाखवलं तर तो पोट धरून हसला. तो रोज शहर ओलांडून अयोध्या नगरच्या पलीकडे कारखान्यात जायचा आणि संध्याकाळी अर्धमेला होऊन यायचा. त्या दिवशी तेवढ्यासाठी का होईना त्याला हसू आलं, म्हणून मी वझलवारकाकांना माफ केलं. पुढे कळलं की बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरात असा एक तरी कागद आहे. लोकांनी मोबाइलवर लिहायचं, काकांनी ते घरच्या प्रिंटरवर छापायचं, लाल पेनने तपासायचं आणि स्वतः जिने चढउतार करून पोचवायचं, असा तो एकूण कारभार होता. ग्रुपवर ते कधीही कोणाची चूक काढत नसत. "चारचौघांत माणसाचा ड्राफ्ट दाखवू नये," असं त्यांचं म्हणणं होतं. हा नियम त्यांनी आयुष्यात एकाच माणसाच्या बाबतीत मोडला, आणि त्याची काय किंमत पडली ते पुढे येईलच.

काकांचे वडील राज्य नवीन झालं तेव्हा सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले. काका जन्मले इथेच, शिकले इथेच आणि त्याच कचेरीत चिकटले. दिल्लीशी होणारा सगळा इंग्रजी पत्रव्यवहार त्यांच्या टेबलावरून जायचा. खालचा बाबू मसुदा लिहून पुट-अप करायचा, काका तो लाल पेनने तपासायचे, वरचा साहेब 'अप्रूव्ड' लिहून सही ठोकायचा, टायपिस्ट त्याची स्वच्छ प्रत, म्हणजे फेअर, काढायचा, आणि मग पत्र डिस्पॅचला जायचं. एका पत्रावरून इतक्या माणसांची नजर फिरायची. काकांना या साखळीचा देवाच्या आरतीइतका आदर होता. त्यामुळे आता माणसं एकटीच लिहितात, एकटीच वाचतात आणि एकटीच पाठवून देतात, हे त्यांना शिष्टाचाराच्या पलीकडचं, जवळपास अश्लील वाटायचं.

"लिहिलं कोणी? त्यानेच. तपासलं कोणी? कोणीच नाही. सही कोणाची? अंगठ्याची," ते म्हणायचे.

त्यांच्या घरात भाषांची वाटणी झालेली होती. बोलायचं ते मराठीत, रागवायचं ते हिंदीत आणि लिहायचं ते इंग्रजीत. किराण्याची यादीसुद्धा इंग्रजीत असायची. सिंधूकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या यादीकडे न बघता दुकानात जायच्या आणि लागेल ते घेऊन यायच्या.

ग्रुपवर कोणाच्या निधनाची बातमी आली की काकांना दुःख व्हायचं, पण ते दोन हप्त्यांत व्हायचं. पहिला हप्ता माणूस गेल्याचा आणि दुसरा खाली येणाऱ्या संदेशांचा. 'सॅड डिमाइज' हा शब्दप्रयोग वाचला की ते चष्मा काढून ठेवायचे. "डिमाइज सॅड असतोच. आनंदी डिमाइज तुम्ही पाहिलाय का कुठे?" एकदा तर कोणाच्या तरी आत्याबाईंच्या निधनाखाली एकाने सवयीने 'मेनी मेनी हॅपी रिटर्न्स' लिहून टाकलं. वर कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक होता, अंगठा त्याच सुरात पुढे गेला. बिल्डिंग हळहळली. काका म्हणाले की स्पेलिंग मात्र अचूक आहे.

सोसायटीचे सेक्रेटरी तिवारीजी. कोटऱ्याच्या रस्त्यावर त्यांचं रंगाचं दुकान. सुरुवातीला त्यांचं आणि काकांचं अजिबात जमायचं नाही. एकदा पाण्याचा पंप बिघडला तेव्हा तिवारीजींनी ग्रुपवर लिहिलं की 'मोटर हॅज एक्सपायर्ड.' काका फोल्डर घेऊन त्यांच्या दुकानात हजर. गिऱ्हाइकांसमोर तिवारीजी भडकले.

"साहब, पानी नहीं आएगा, ये समझ में आया कि नहीं आया?"

"आया."

"तो फिर?"

"समझ में आना काफी नहीं है, तिवारीजी," काका म्हणाले आणि फोल्डर काउंटरवर ठेवून निघून आले.

तिवारीजींचं मतपरिवर्तन झालं ते निराळ्याच कारणाने. रंगाच्या कुठल्याशा कंपनीने त्यांना खराब माल पाठवला होता. तिवारीजींनी कंपनीच्या साइटवर तक्रारींचा पाऊस पाडला, सगळ्या मोठ्या अक्षरांत, प्रत्येक ओळीला चार-चार उद्गारचिन्हं. कंपनी ढिम्म. शेवटी त्यांनी निमूटपणे ती तक्रार काकांना दाखवली. काकांनी तिच्यातला बाप काढला, आई काढली, उद्गारचिन्हं काढली. जे उरलं ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं. आठवडाभरात नवीन माल आला. त्या दिवसापासून तिवारीजी काकांचे भक्त झाले आणि भक्ताच्या उत्साहाने त्यांनी नियम काढला की यापुढे ग्रुपवर इंग्रजी मजकूर टाकायचा असेल तर तो आधी वझलवार साहेबांकडे पाठवायचा, मंजूर झाला तरच टाकायचा.

मग जी मजा सुरू झाली तिला तोड नव्हती. मसुदा पाठवला की काकांचं उत्तर यायचं, 'प्लीज डिस्कस.' याचा कचेरीतला अर्थ, समक्ष येऊन भेटा. त्यामुळे संध्याकाळी काकांच्या दिवाणखान्यात माणसं मोबाइल हातात धरून रांगेने बसलेली असायची. सिंधूकाकू चहा करून थकायच्या. "ह्यांची रिटायरमेंट झाली अन् माझी ड्युटी लागून राहिली," त्या मला म्हणायच्या. गाडी लावण्यावरून भांडलेली दोन माणसं एकमेकांविरुद्धचे मसुदे घेऊन एकाच सोफ्यावर बसायची, चहा प्यायची, आणि नंबर येईपर्यंत त्यांचं भांडण शिळं झालेलं असायचं. ग्रुप शांत झाला. काही महिने तर तिथे फक्त सुप्रभाताची फुलं यायची, कारण फुलांना मंजुरी लागत नव्हती.

या नियमाचा कळस सक्सेनाजींनी गाठला. तिसऱ्या मजल्यावरचे हे सरळमार्गी गृहस्थ एका दुपारी लिफ्टमध्ये अडकले. आतून फोन लागेना, मेसेज कसाबसा जात होता. 'आय ॲम स्टक इन द लिफ्ट सिन्स हाफ अवर' असं त्यांनी लिहिलं, आणि नियमाप्रमाणे ग्रुपवर न टाकता आधी काकांना पाठवलं. काकांनी वाचलं, लाल पेनने टिपून ठेवलं आणि उत्तर पाठवलं, 'प्लीज डिस्कस.' मग ते सक्सेनाजींची वाट बघत बसले. बराच वेळ माणूस येईना तेव्हा त्यांना राग आला, बेफिकीर लोक म्हणून. शेवटी काकूंनी विचारलं की त्याने लिहिलंय तरी काय, आणि काकांनी शांतपणे वाचून दाखवलं. काकू चहाचं पातेलं तसंच ठेवून जिन्याकडे धावल्या. सक्सेनाजी बाहेर आले, पाणी प्यायले, आणि मला अजूनही आश्चर्य वाटतं, ते खरोखर चर्चा करायला काकांकडे गेले.

काकांना ब्लॉक करणारा पहिला माणूस एक चोर होता. वीज आज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा, अशा धमकीचा भोंगळ इंग्रजी मेसेज त्यांना आला. दुसरा कोणी घाबरला असता किंवा दुर्लक्ष केलं असतं. काकांनी फोन केला आणि त्या माणसाला वाक्याचा कर्ता कुठे हरवला आहे ते समजावायला घेतलं. पलीकडचा आधी सर-सर करत होता, मग त्याने फोन ठेवला. काकांनी सुधारलेला मजकूर त्याला पाठवला, तो पोचला नाही. त्यांना वाईट वाटलं. मुलगा शिकण्यासारखा होता, असं ते म्हणाले.

काकांना ब्लॉक करणारी दुसरी व्यक्ती त्यांची मुलगी.

मृणाल त्यांची एकुलती एक. हैदराबादला एका मोठ्या कंपनीत होती, माणसं निवडून नोकरीला घ्यायचं काम करायची. नोकरदार लोक आपापली प्रगती जगाला कळवतात अशा एका साइटवर ती नेमाने लिहायची. लिहायची छान, मी वाचायचे. इंग्रजी आपल्यासारखंच होतं, कुठे ठेच, कुठे घसरण, पण माणूस दिसायचा त्यातून. हजारो लोक तिचं वाचत. काकाही वाचत. आणि इथे त्यांनी आपला नियम मोडला. प्रिंट काढून जिना चढून हैदराबादला देता येत नव्हती म्हणून म्हणा, की पोटच्या पोरीच्या बाबतीत त्यांना धीर धरवत नव्हता म्हणून म्हणा, ते तिच्या लिखाणाखाली सर्वांसमोर दुरुस्त्या लिहायला लागले. तिने आधी विनवलं, मग दम दिला. काका म्हणायचे की एवढी माणसं वाचतात म्हणूनच तर.

मग तिला मोठी बढती मिळाली. तिने लांबलचक, आनंदाने भिजलेलं काहीतरी लिहिलं, त्यात आईवडिलांचेही आभार मानले. खाली अभिनंदनाची रीघ लागली, आणि तिच्यामध्ये काका. कितव्या ओळीत काय चुकलं याची शिस्तवार यादी, आणि शेवटी, 'अदरवाइज सॅटिस्फॅक्टरी.' त्यावर तिच्या साहेबाने हसरा चेहरा टाकला, मग सगळ्या ऑफिसने टाकला. त्या संध्याकाळी मृणालने बापाला त्या साइटवर ब्लॉक केलं आणि आईला फोन करून सांगितलं की यापुढे बाबांना फोन देऊ नकोस.

काकू मला हे सांगताना पोळ्या लाटत होत्या. "कचेरीत ह्यांनी कोणाला सॅटिस्फॅक्टरी म्हटलं तर तो पेढे वाटायचा. मला तर लग्नात पण नाही मिळालं. ह्यांना वाटलं, पोरीला आशीर्वाद देऊन राहिलो." त्यानंतर दोन गणपती झाले, मृणाल घरी आली नाही.

काकांना ब्लॉक ही भानगडच ठाऊक नव्हती. त्यांना फक्त एवढं दिसलं की मृणालचं काही येईनासं झालं. त्यांची समजूत अशी झाली की तिने लिहिणं सोडलं. "बढतीनंतर काम वाढलं असणार," असं ते सगळ्यांना सांगायचे. त्यांची ती समजूत मोडायचं धाडस ना काकूंना झालं, ना मला. एका संध्याकाळी गेटपाशी खुर्च्या टाकून आम्ही बसलो होतो तेव्हा ते पुन्हा तसंच म्हणाले आणि तिवारीजींना राहवलं नाही.

"अरे साहब, लिखती हैं, रोज लिखती हैं। आपको ब्लॉक कर रखा है।"

काकांनी ब्लॉक म्हणजे काय ते विचारून घेतलं. तिवारीजींनी मोबाइलवर दाखवलं. काकांनी मृणालचं त्या दिवशीचं लिखाण पूर्ण वाचलं. त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि पेनाला लागून खाली आला. "लिहितेय ना? मग झालं," असं म्हणून ते उठले आणि वर गेले. नंतर कितीतरी दिवस ते गेटपाशी आले नाहीत. मला फार वाईट वाटलं, इतकं की त्यांनी एखादं फोल्डर आणून दिलं असतं तर बरं झालं असतं.

पुढचा गणपती जवळ आला तेव्हा काकूंनी निर्वाणीचं सांगितलं. पोरगी या वर्षी आली नाही तर मीच हैदराबादला जाते, आणि परत येईन की नाही ते सांगून ठेवत नाही. तिला बोलवायचं तर तुम्ही बोलवा, माझ्यामार्फत नको. आवाज चढवला नाही, मोदकाचं सारण हलवता हलवता बोलल्या, म्हणून काका जास्त घाबरले.

काका लिहायला बसले. टेबल, कोरा कागद, दोन पेनं. सकाळी बसले, दुपारी बसले. मी लोणच्याची वाटी परत करायला वर गेले तर कागद कोराच.

"पहिली ओळ येत नाही," ते म्हणाले.

मला वाटलं संकोच असेल. पण ते वेगळंच होतं, आणि ते त्यांनी मला इतक्या साधेपणाने सांगितलं की हसावं की रडावं कळेना. सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्याचं लिहिलेलं तपासलं होतं. कोऱ्या कागदावर स्वतःहून एक वाक्य त्यांनी कधी लिहिलंच नव्हतं. त्यांची अक्कल दुसऱ्याची चूक समोर आल्यावर सुरू व्हायची. मी म्हटलं, मराठीत लिहा ना. ते म्हणाले, मराठीत मी तिला जेवलीस का याच्यापुढे कधी काही बोललेलो नाही, लिहिणार काय? मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोणी ड्राफ्ट पुट-अप केला, तर बघतो."

मी तिवारीजींना गाठलं. दुकान नोकरावर सोपवून ते लगेच आले. निरोप काकांच्याच नंबरवरून जायला हवा, म्हणून त्यांचा मोबाइल मागून घेतला आणि माझ्या स्वयंपाकघरात आमची बैठक बसली. मी तिवारीजींना बजावलं की फार चांगलं लिहून चालणार नाही, काकांना धरायला काहीतरी लागेल, तर मुद्दाम थोड्या चुका टाका.

"डालनी नहीं पड़ेंगी, भाभीजी," तिवारीजी म्हणाले. "अपने आप आएँगी।"

आणि आल्या. मजकूर आम्ही दोघांनी मिळून लिहिला आणि मी तो आजही म्हणून दाखवू शकते. 'डियर मृणाल, होप यू आर फाइन. मी ॲन्ड युवर मदर इज ऑल्सो फाइन. आय ॲम मिसिंग यू सिन्स टू गणपतीज. व्हॉट हॅपन्ड, दॅट वॉज मिस्टेक ऑफ माइन ओन्ली. युवर रूम इज देअर ॲज इट इज. किंडली कम ॲन्ड ओब्लाइज. युअर्स फेथफुली, फादर.' शेवटची ओळ तिवारीजींची. ते म्हणाले की फेथफुलीशिवाय चिठ्ठी पूर्ण होत नाही.

छापील प्रत पाहून काकांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रक्त आलं. खुर्ची पुढे ओढली, लाल पेन उघडलं आणि ते तुटून पडले. पहिल्या तीन ओळींत एकही शब्द धड ठेवला नाही. चौथ्या ओळीपाशी, जिथे चूक माझी असं लिहिलं होतं, तिथे मात्र पेन थांबलं. त्यातलं व्याकरण त्यांनी सारखं केलं, पण ओळ काढली नाही. आम्ही दोघं समोर बसून छताकडे बघत होतो. मग त्यांनी कचेरीत वरचा साहेब लिहायचा त्या जागी, वर कोपऱ्यात, 'अप्रूव्ड' लिहिलं. दुसऱ्याच्या जागेवर आयुष्यात पहिल्यांदा सही केली. कागद फायलीत लावला, मोबाइल तिवारीजींच्या हातात दिला आणि म्हणाले, "फेअर करके डिस्पॅच कर दीजिए।"

तिवारीजींनी जन्मभर रंग विकला होता, फायली नाही. फेअर म्हणजे दुरुस्त्या उतरवून नवीन प्रत काढायची, हे त्यांना कोण सांगणार? त्यांच्या लेखी अप्रूव्ड म्हणजे अप्रूव्ड. मोबाइलवर मजकूर होता तसा तयार होता. मी काकूंशी बोलत आत गेले होते, तेवढ्यात तिवारीजींनी बटण दाबलं आणि मोबाइल टेबलावर ठेवून ते दुकानात निघून गेले.

संध्याकाळी काकू मराठी मंडळात अथर्वशीर्षाच्या सरावाला गेल्या, मोबाइल घरीच चार्जिंगला लावून. काका एकटेच होते. तेव्हा मृणालचा फोन आला, त्यांच्या मोबाइलवर. त्यांनी उचलला आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. पलीकडून ती बाबा, बाबा म्हणत होती आणि इकडून नुसतं अं, हं. मग फोन बंद झाला. लगेच आतल्या खोलीत काकूंचा मोबाइल वाजायला लागला, तो काकांनी उचलला नाही. दुसऱ्याच्या टेबलावरचा फोन ते कधी उचलत नसत. काकू परत आल्यावर त्यांनी सांगितलं की मृणालचा फोन येऊन गेला.

"काय म्हणाली?"

"बाबा म्हणाली."

काकूंनी उलट फोन लावला तर तिचा मोबाइल बंद. रात्रभर बंद होता.

आमची त्याच सुमाराला बदली झाली होती आणि दुसऱ्या दिवशी आमचं सामान ट्रकवर चढायचं होतं. म्हणून मी काकांना शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी. काकूंच्या चार बरण्या माझ्याकडे होत्या, त्या घेऊन मी जिना चढत होते. पाठीमागून तिवारीजी, ट्रकवाल्याचं काय ते विचारायला. तेवढ्यात खाली टॅक्सीतून उतरलेली एक मुलगी आम्हाला ओलांडून दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाली. खांद्याला ऑफिसची बॅग, दुसरं सामान नाही. रात्रीच्या विमानाने इंदूर, तिथून टॅक्सी, वाईट बातमीच्या भीतीने घर येईपर्यंत बंद ठेवलेला मोबाइल, हे सगळं नंतर कळलं.

दार काकूंनी उघडलं. त्यांच्या मागे काका, अर्धी दाढी करून बाहेर आलेले, एका गालावर साबण. मृणालने तो अर्धा पांढरा चेहरा पाहिला आणि तिचं उरलंसुरलं अवसान गेलं.

"बाबा, हात वर करा."

काकांना काही कळेना.

"दोन्ही हात वर करा आधी. पूर्ण वर." काकांनी केले. "आता हसा. स्माइल करा म्हणते ना." काकांनी तेही केलं. साबणामुळे एकीकडचं हसू नीट दिसेना, तेव्हा तिने स्वतःच्या ओढणीने त्यांचा गाल पुसला आणि पुन्हा हसायला लावलं. मग स्वतःचं पूर्ण नाव विचारलं. काकांनी सांगितलं, मृणाल श्रीधर वझलवार. ते बरोबर आल्यावर ती चपलांच्या कपाटावर मटकन बसली.

"अगं, काय होऊन राहिलं तुला?" काकू म्हणाल्या.

मृणालने बॅगेतून मोबाइल काढून बापासमोर धरला. "मग हे काय आहे? हे तुम्ही लिहिलंत? मला वाटलं बाबांना ॲटॅक आला, अर्धांगवायू झाला. फोनवर पण बोलता येत नव्हतं तुम्हाला. आयुष्यात तुम्ही असं लिहिलेलं नाही."

काकांनी हात खाली घेतले आणि मोबाइल लांब धरून वाचायला सुरुवात केली. जिन्यात माझ्या शेजारी तिवारीजींना आपण काय करून ठेवलंय ते तेव्हा समजलं. काका ओळ-ओळ वाचत होते आणि त्यांच्या मानेची एक शीर प्रत्येक ओळीला उडत होती. फेथफुली फादरपर्यंत आले आणि त्यांनी वर पाहिलं. तिवारीजींनी तोंड उघडलं, "साहब, वो दरअसल..." काकांनी एक बोट वर करून त्यांना थांबवलं.

"मीच लिहिलं," काका मृणालला म्हणाले. "खाली नाव माझं आहे."

"तपासलं नाहीत?"

"नाही."

मृणाल त्यांच्याकडे बघत राहिली. तिचा विश्वास बसत नव्हता, आणि बसत नव्हता म्हणूनच तिला पुन्हा भीती वाटायला लागली असावी. ती उठली, त्यांच्या जवळ गेली. "परत हात वर करा," ती म्हणाली. काकांनी दोन्ही हात डोक्याच्या वर नेले. ती त्यांच्या छातीवर डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागली. काका तसेच उभे, हात वर, अर्धी दाढी झालेली, डोळ्यांतून पाणी चाललंय ते पुसायचीही सोय नाही.

काकूंनी माझ्या हातातल्या बरण्या घेतल्या, एक एक करून आत ठेवून आल्या, तरी ते तसेच होते.

"अहो, घ्या आता हात खाली," काकू म्हणाल्या.

"ती सांगेल तेव्हा," काका म्हणाले.